ट्रॉल विंचच्या मॉडेलमधले कॉन्टॅक्ट : प्रकल्प नोंदी

काम : रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरसाठी (जाळं ओढत मासे धरणाऱ्या बोटीसाठी) नवी विंच, म्हणजे जाळ्याच्या वायरी गुंडाळून ओढणारं यंत्र. भूमिती फ्रीकॅडमध्ये, मेश (भागांचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट; त्यांचे कोपरे म्हणजे नोड) जीमेशमध्ये, ताणाचं गणित सोडवणारा सॉल्व्हर कॅल्क्युलिक्स. एकके सगळीकडे मिमी, न्यूटन, टन आणि एमपीए. या नोंदी फक्त भागाभागांमधल्या कॉन्टॅक्टच्या, म्हणजे कुठला भाग कुठे टेकतो आणि तिथून जोर कसा जातो याच्या तपासणीच्या आहेत.

२ जून

मासेमारी कालपासून बंद, ३१ जुलैपर्यंत. बोटी वर ओढून शाकारल्या आहेत. विंच बसवायची तर याच दोन महिन्यांत. फ्रेमचं कटिंग ७ जुलैला सुरू करायचं आहे, त्यामुळे मॉडेल त्याआधी हातावेगळं व्हायला हवं.

रचना अशी : शाफ्ट ६५ मिमी व्यासाचा, ईएन८ पोलादाचा. त्यावर गनमेटलच्या बुशवर मोकळे फिरणारे दोन ड्रम, प्रत्येकाला तीन दातांचा डॉग क्लच (दात अडकवून ड्रम शाफ्टला जोडणारा) आणि पट्ट्याचा ब्रेक. एका टोकाला स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक), चावीने पक्का; चावी म्हणजे शाफ्ट आणि हब (चाकाचा मधला भाग) यांच्या खाचांत बसणारी पट्टी. तीन प्लमर ब्लॉक (बेअरिंगची घरं), खाली आयएसएमसी १५० (भारतीय मानकाच्या पोलादी) चॅनलची फ्रेम, ती डेकवर एम१६ च्या आठ बोल्टांनी. ओढ दोन्ही वायरी मिळून १५ किलोन्यूटन. ड्रम वायरीने भरलेला असताना त्रिज्या २४० मिमी, म्हणजे शाफ्टवर ३६०० न्यूटन-मीटर पीळ. सुटे भाग ४३, कॅडप्रमाणे वजन ४१२ किलो.

एक गोष्ट आधीच ठरवून टाकली : कॉन्टॅक्टचा तक्ता पूर्ण होईपर्यंत ताणाचं एकही चित्र काढायचं नाही. कॉन्टॅक्ट चुकलेल्या मॉडेलचंही चित्र तितकंच देखणं येतं, आणि एकदा ते पाहिलं की नजर त्यालाच धरून बसते.

३ जून

आलेल्या स्टेप फाईलची (कॅड भूमितीच्या देवाणघेवाणीच्या फाईलची) साफसफाई. प्लमर ब्लॉक पुरवठादाराच्या कॅडमधून घेतलेत, त्यात प्रत्येक बॉल वेगळा आहे आणि प्रत्येक बॉल दोन्ही रेसना (बेअरिंगच्या आतल्या-बाहेरच्या कड्यांना) एकेका बिंदूत टेकतो. हे तसंच मेशकडे नेलं तर बेअरिंगपाशी लाखभर एलिमेंट जातील आणि बिंदूतून जोर जाईल, त्याला अर्थ नाही. बॉल, पिंजरा आणि सील काढले, आतली आणि बाहेरची रेस मिळून एक अखंड कडं केलं. घरावर कोरलेली अक्षरं, ग्रीस निपल, १ मिमीच्या आतले चॅम्फर (कडेचे तिरके छाट), सगळं काढलं. चावीचा चॅम्फर मात्र ठेवला, तिथे टेकण्याची उंचीच ४ मिमी आहे.

फ्रीकॅडची भूमिती-तपासणी प्रत्येक भागावर चालवली, स्वतःलाच छेदणाऱ्या पृष्ठांच्या चाचणीसकट. दोन गसेट (कोपऱ्याला आधार देणाऱ्या पट्ट्या) आणि एका ब्रेकच्या पट्ट्यात दोष निघाला. ते नव्याने काढले. सदोष सॉलिडवर पुढची छेदाची गणितं भरवशाची येत नाहीत, म्हणून ही पायरी टाळता येत नाही.

५ जून

४३ भाग म्हणजे ९०३ जोड्या. पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने आधी प्रत्येक भागाची चौकट १ मिमीने फुगवली आणि ज्यांच्या चौकटी एकमेकींना लागतात तेवढ्याच जोड्या ठेवल्या. उरल्या ११८. त्यांच्यावर तीन मोजमापं : सामाईक घनफळ, किमान अंतर आणि सामाईक पृष्ठाचं क्षेत्रफळ.

पहिल्या फेरीचा हिशेब : एकमेकांत घुसलेल्या जोड्या १४, टेकलेल्या (अंतर ०.०१ मिमीच्या आत) ७१, फट असलेल्या (०.०१ ते ०.५ मिमी) १२, त्याहून दूर २१.

तक्त्यात प्रत्येक जोडीपुढे चार रकाने ठेवले. सांधा प्रत्यक्षात कसला (वेल्ड, बोल्ट, सरकता, की नुसता शेजार). त्यातून कुठला जोर जायला हवा (दाब, ओढ, कातर, पीळ). अपेक्षित क्षेत्रफळ. मॉडेलमधलं क्षेत्रफळ. पहिले तीन रकाने ड्रॉइंग समोर ठेवून हातानेच भरायचे. कॉन्टॅक्ट आपोआप शोधणारी सोय फक्त जवळ कोण आहे ते सांगते. त्या जागेतून जोर जावा की नाही, हे तिला कळायचा मार्ग नाही.

६ जून

घुसलेल्या १४ जोड्या.

एम२० चे सहा नट : नटाचं भोक पेचाच्या आतल्या व्यासाचं, १७.३ मिमी, आणि बोल्ट सरळ २० चा. पेच काढून दोन्ही २० वर आणले आणि नट-बोल्ट एकच सॉलिड केलं. पेचातला ताण इथे बघायचाच नाही.

चार गसेट : ८ मिमी पट्टीचा काटकोनी कोपरा चॅनलच्या आतल्या गोलाईत शिरलेला. आयएसएमसी १५० ला ती गोलाई १० मिमी त्रिज्येची आहे. वर्कशॉपमध्ये गसेटचा कोपरा १५ मिमी छाटूनच बसवतात, वेल्डलाही वाट मिळते. ड्रॉइंगमध्ये तो छाट नव्हता. आता मॉडेलमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये, दोन्हीकडे टाकला.

ब्रेकच्या दोन पट्ट्या : लायनिंग ड्रममध्ये ०.५ मिमी आत, कारण पट्टा आवळलेल्या स्थितीत काढलेला होता. ओढीच्या गणितात ब्रेक मोकळा असतो. पट्टा उघडला, जोडी रद्द.

दोन स्पेसर कॉलर : बेअरिंगच्या आतल्या कड्यात ०.२ मिमी आत. शाफ्टवरच्या लांब्यांची बेरीज जमत नव्हती. कॉलरची लांबी कमी केली. (१८ जूनची नोंद बघा, यातल्या एका कॉलरने पुन्हा त्रास दिला.)

९ जून

आजचा दिवस क्षेत्रफळाच्या रकान्याचा. प्लमर ब्लॉकच्या बोल्टांचे सहाही नट : किमान अंतर ०, म्हणजे टेकलेले. सामाईक क्षेत्रफळ मात्र ०.

कारण चॅनलमध्येच आहे. आयएसएमसीच्या फ्लँजची (आडव्या पट्टीची) आतली बाजू सपाट नसते, वेब (उभी पट्टी) आणि फ्लँज यांच्यात आतून ९६ अंश असतात. वरची बाजू आडवी, खालची ६ अंशांनी तिरकी. एम२० चा नट समोरासमोरच्या सपाट बाजूंवर ३० मिमी. तो सरळ उभा धरला की एका कडेला टेकतो आणि दुसऱ्या कडेला सुमारे ३.१ मिमी फट राहते. किमान अंतराच्या हिशेबात ही जोडी निर्दोष दिसते, कारण एक रेघ खरोखर टेकलेली आहे.

ही चूक मॉडेलपुरती नाही. सामानाच्या यादीत साधेच वायसर होते. ८.८ दर्जाच्या एम२० बोल्टाला प्रूफ लोडच्या (कायमचा न ताणता पेलायच्या भाराच्या) ७५ टक्के ताण द्यायचा म्हणजे ११० किलोन्यूटन, त्यासाठी पान्यावर साधारण ४४० न्यूटन-मीटर. एवढी ओढ नटाच्या एका कडेवर आली की बोल्ट नटाच्या बुडाशी वाकतो, पाना मारताना घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांच्या धक्क्यांनी ढिला पडतो. चॅनलसाठीचे तिरके वायसर मिळतात. सहा यादीत टाकले, मॉडेलमध्येही बसवले. आता प्रत्येक नटाखाली पूर्ण क्षेत्रफळ दिसतं.

ग्रंथालयातून समांतर फ्लँजचा चॅनल उचलला असता तर मॉडेलमध्ये सगळं जुळलं असतं आणि हे कळलं नसतं. सेक्शन जसा गोदीत उतरतो तसाच मॉडेलमध्ये घ्यावा, उतारासकट.

११ जून

फट असलेल्या १२ जोड्या. यांतली एक बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची निघाली.

स्प्रॉकेटची चावी १८ × ११, लांबी १००. प्रमाण खाचांप्रमाणे शाफ्टमध्ये खोली ७.० मिमी, हबमध्ये ४.४. बेरीज ११.४, चावी ११. म्हणजे चावीच्या डोक्यावर ०.४ मिमी मोकळी जागा, आणि ती मुद्दाम ठेवलेली असते. चावी बाजूंनी जोर देते, डोक्याने नाही.

आधीच्या कच्च्या मॉडेलमध्ये शोधाची मर्यादा ०.५ मिमी होती. ती चावीच्या डोक्यावरून गेली आणि डोकं हबला टाय झालं, म्हणजे चिकटवल्यासारखं पक्कं. सॉल्व्हरची तक्रार नाही, आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज बरोबर, विरूपण लहान. फरक कुठे पडला ते बघण्यासाठी दोन्ही प्रकार चालवले.

हाताचं गणित : ३६०० न्यूटन-मीटर भागिले ३२.५ मिमी म्हणजे ११०.८ किलोन्यूटन. हबच्या बाजूला चावीची उंची ४.० मिमी, लांबी १००, म्हणून दाब २७७ एमपीए. शाफ्टच्या बाजूला ७ मिमी उंची, १५८ एमपीए.

डोकं चिकटलेलं असताना हबच्या बाजूचा सरासरी दाब १९० च्या आसपास आला. उरलेला जोर डोक्यावरच्या खोट्या सांध्यातून कातर होऊन हबमध्ये जात होता. तो सांधा तोडून दोन्ही बाजूंना खरा कॉन्टॅक्ट दिला तेव्हा सरासरी २७० वर गेली, टोकांना त्याहून जास्त. नॉर्मलाइज केलेल्या ईएन८ ची यील्ड मर्यादा (जिथून पोलाद कायमचं दबू लागतं तो ताण) २८० च्या घरात असते, म्हणजे १०० ची चावी काठावर आहे, आणि जाळं खडकाला अडकलं की १५ किलोन्यूटन हा आकडा उरत नाही.

चावी १२५ केली, हबची लांबी १०५ ची १३०. दाब २२२ वर आला. एवढ्यावर थांबायचं की खाच दुहेरी करायची, यावर आमचं मत : थांबावं. दुसऱ्या खाचेने ६५ चा शाफ्ट आणखी कापला जातो, आणि दोन चाव्या सारखा जोर घेतील असं धरणं लेथवरच्या कामाला न्याय देत नाही.

बाकीच्या अकरा फटी : आठ बोल्टांच्या भोकांच्या (मोकळ्याच हव्यात), दोन बुशच्या (पुढची नोंद), एक ब्रेकच्या ब्रॅकेटची.

१४ जून

दुपारनंतर वीज नाही. मेश अर्धवट.

१६ जून

बुश आणि शाफ्ट. फिट (भोक आणि शाफ्ट यांच्यातल्या मोकळिकीचं प्रमाण) एच८/एफ७. ६५ व्यासाला भोक ० ते +०.०४६, शाफ्ट -०.०३० ते -०.०६०. म्हणजे व्यासावर मोकळीक ०.०३० ते ०.१०६ मिमी, मधली धरली ०.०६८, त्रिज्येवर ०.०३४.

आता मेश बघा. वर्तुळाला २४ भाग आणि सरळ कडांचे एलिमेंट असतील तर वर्तुळाचा २४ कोनी बहुभुज होतो. कडेच्या मध्यावर बहुभुज खऱ्या वर्तुळापासून किती आत जातो? त्रिज्या गुणिले (१ वजा कोसाइन ७.५ अंश), म्हणजे ३२.५ × ०.००८५६ = ०.२८ मिमी. खरी मोकळीक ०.०३४ आणि मेशची चूक तिच्या आठपट. शाफ्टचे कोपरे बुशच्या सपाट कडांसमोर आले की मॉडेलमध्ये शाफ्ट बुशमध्ये घुसतो, कोपऱ्यांसमोर कोपरे आले की सुटतो. कॅडचा तक्ता इथे निर्दोष होता. बिघाड मेश झाल्यावर शिरतो, म्हणून तीच तपासणी मेशवर पुन्हा करावी लागते.

४८ भागांना चूक ०.०७० मिमी, ७२ ला ०.०३१. नुसते भाग वाढवत गेलो तर मोकळिकीच्या निम्म्यावर यायला शंभरीकडे जावं लागेल, एलिमेंटची संख्या हाताबाहेर. त्याऐवजी :

शाफ्ट आणि बुश या दोन्ही पृष्ठांना सारखेच ४८ भाग, सुरुवातही एकाच कोनापासून, म्हणजे नोडसमोर नोड. मग दोन्ही बहुभुज समांतर राहतात आणि मधली फट सगळीकडे जवळपास ०.०३४ येते. जीमेशमध्ये ट्रान्सफायनाईट रेषा (ज्यांचे भाग आपण ठरवतो अशा) देऊन हे जमतं. शेवटच्या गणितात मधल्या नोडचे, दुसऱ्या घाताचे एलिमेंट घ्यायचे, ते गोलाई बऱ्यापैकी धरतात.

घुसलेपण अंगावर कसं येतं याचा अंदाज असावा म्हणून हबचं गणित इथे लिहून ठेवलं. ६५ चा शाफ्ट, ११० बाहेरील व्यासाचा पोलादी हब, त्रिज्येवर ०.१ मिमी खोटं घुसलेपण. प्रेस फिटच्या सूत्राने दाब = (२१०००० × ०.१ ÷ ६५) × (१ - ६५² ÷ ११०²) = २१० एमपीए, आणि हबच्या आतल्या कडेला ओढीचा ताण ४३५ च्या आसपास. एक न्यूटनही न लावता. बहुभुजाचं घुसलेपण सलग नसतं, ठिकठिकाणी असतं, पण घोळ किती मोठा होऊ शकतो ते यावरून कळतं.

१८ जून

मोकळ्या कंपनांची तपासणी. सगळे आधार काढले, सगळे सांधे या तपासणीपुरते टाय केले, ओबडधोबड १० मिमी मेश, पहिल्या घाताचे एलिमेंट. अखंड वस्तूला हवेत सोडलं तर शून्य वारंवारतेचे बरोबर सहा मोड (हालचालीचे प्रकार) मिळतात : तीन सरकण्याचे, तीन फिरण्याचे. जास्त आले तर काहीतरी सुटलेलं आहे.

कॅल्क्युलिक्समध्ये टायची अंतर-मर्यादा दिली नाही तर ती एलिमेंटच्या आकाराच्या अडीच टक्के धरली जाते. इथे ती ०.२५ मिमी झाली असती. आम्ही मुद्दाम ०.०५ दिली. सैल मर्यादा चुका झाकते. शिवाय टाय करताना नोड समोरच्या पृष्ठावर सरकवला जातो, म्हणजे भूमितीही गुपचूप बदलते.

पहिल्या फेरीत शून्याजवळ १३ मोड आले, चौदावा ३१ हर्ट्झला. सात जास्तीचे. पूर्ण सुटलेला भाग सहा मोड वाढवतो, म्हणून अंदाज केला : एक भाग पूर्ण सुटा, आणि एक कुठेतरी बिजागरीसारखा लटकलेला.

मोडची हालचाल पडद्यावर चालवली की सुटा भाग लगेच ओळखू येतो, बाकी विंच स्थिर आणि तो एकटाच उडतो. स्प्रॉकेटकडचा स्पेसर कॉलर होता. ६ जूनला घुसलेपण काढताना तो गरजेपेक्षा ०.३ मिमी जास्त आखूड झाला होता. लांबी सुधारली.

बिजागरी : ब्रेकच्या ब्रॅकेटचा पाय. ६० मिमी लांब पाय ०.४ अंशाने तिरका आलेला, दुसऱ्या टोकाला फट ०.४२ मिमी. मर्यादा ०.०५ असल्याने कडेची पहिलीच नोडांची ओळ बांधली गेली आणि ब्रॅकेट त्या ओळीभोवती डुलायला मोकळा राहिला. सॉल्व्हरने न बांधल्या गेलेल्या नोडांची यादी फाईलमध्ये लिहून दिलीच होती. ती फाईल दर वेळी उघडायची असं आता कामाच्या यादीत घातलं. त्यात नोड असणं ही चूकच असेल असं नाही, पण प्रत्येक नोड का सुटला ते सांगता आलं पाहिजे.

दुसऱ्या फेरीत शून्याचे मोड सहा.

२० जून

स्ववजनाची तपासणी. डेकच्या आठ बोल्टांपाशी आधार, फक्त गुरुत्वाकर्षण, ९८१० मिमी प्रति सेकंद वर्ग. अपेक्षा ४१२ × ९.८१ = ४०४२ न्यूटन. आलं ३८७३.

फरक १६९ न्यूटन, म्हणजे १७.२ किलो. तक्त्यात १७.२ शोधलं : तिन्ही प्लमर ब्लॉक मिळून तेवढेच. बिडाची घनता टन प्रति घन मिमीमध्ये ७.२ गुणिले १० चा उणे ९ वा घात हवी, टाकताना उणे १२ वा पडला होता. ताठरपणा बरोबर, वजन नाहीसं, म्हणून मोकळ्या कंपनांत हे पकडलं गेलं नाही. दोन्ही तपासण्या कराव्याच लागतात, एक दुसरीचं काम करत नाही.

दुरुस्तीनंतर ४०४२.

२३ जून

आता खरे कॉन्टॅक्ट. वेल्डचे सांधे टायच ठेवले. प्लमर ब्लॉकचं बूड आणि चॅनल, नट, वायसर, चावीच्या बाजू, बुश, डॉग क्लचचे दात : या सगळ्यांना सरकता, उघडणारा कॉन्टॅक्ट, पृष्ठ ते पृष्ठ. दाबाचा ताठरपणा सरळ रेषेचा, १० लाख न्यूटन प्रति घन मिमी. ई च्या (पोलादाच्या लवचिकता-गुणांकाच्या) ५ ते ५० पट हा रूढ पट्टा आहे, त्याची ही खालची बाजू. चावीच्या २५० एमपीएला यातून ०.०००२५ मिमी घुसलेपण येतं, चालण्यासारखं. आधीच १ कोटी दिलं तर गणित हेलकावे खातं, जुळत नाही.

घर्षण : डेकचा पाय आणि फ्रेम गरम जस्तात बुडवलेले असणार. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००७ च्या आवृत्तीत अशा पृष्ठाला घसरण-गुणांक ०.१० आहे, काहीच प्रक्रिया न केलेल्या पृष्ठाला ०.२०. समुद्रावर रंग आणि जस्त येणारच, म्हणून ०.१० घेतला. एम१६ च्या आठ बोल्टांना प्रत्येकी ६८ किलोन्यूटन पूर्वताण, घसरायला लागणारा जोर ५४ किलोन्यूटन, ओढ १५. इथे पुरेसा पैस आहे.

पहिल्या पावलातच गणित थांबलं. कारण ड्रम. बुशवर मोकळा, क्लचचे दात समोरच्या दातांपासून १ मिमी दूर. वायरीची ओढ पडताच ड्रमला अडवणारं काहीच नाही, तो फिरतच सुटतो. भूमितीत क्लचचा कोन वळवून दात टेकवले. पावलांचा क्रम असा ठेवला : आधी बोल्टांचा पूर्वताण, मग स्ववजन, मग ओढ शेवटी, पहिली वाढ ०.०५ ची. मग चाललं.

२६ जून

निकाल वाचताना दाबाचं चित्र आधी बघितलं, ताणाचं नंतर.

क्लचच्या तिन्ही दातांवर सारखाच दाब. एका ड्रमचा पीळ १८०० न्यूटन-मीटर, दातांची सरासरी त्रिज्या ७० मिमी, एकूण जोर २५.७ किलोन्यूटन, दर दाताला ८.६. कॅडमध्ये तिन्ही दात एकाच क्षणी टेकतात म्हणून ही समान वाटणी आली. कापलेले दात तसे टेकत नाहीत. एक आधी लागतो आणि तो झिजेपर्यंत किंवा दबेपर्यंत बाकीचे मोकळे. म्हणून वेगळी केस : दोन दात ०.२ मिमी मागे सरकवले, सगळा २५.७ एकावर. डिझाइन या केसवर धरलं आणि दाताच्या मुळाची गोलाई ३ ची ५ मिमी केली. भूमिती अचूक असली की मॉडेल जोर जास्त सारखा वाटतं, हे कॉन्टॅक्टच्या कामात सतत आठवावं लागतं.

मधल्या प्लमर ब्लॉकचं बूड ड्रमच्या बाजूला थोडं उचललं जातं, पण बोल्टाजवळ दाब टिकून राहतो. ठीक.

प्रतिक्रियांची आडवी बेरीज १५.०० किलोन्यूटन. याने समतोल सिद्ध होतो, इतकंच. ११ जूनच्या चिकटलेल्या चावीतही ही बेरीज बरोबरच होती.

३० जून

जुन्या विंचची फ्रेम वर्कशॉपमध्ये उलगडून पडली आहे, तिच्यावर जोडणी करून मोजमाप घेतलं. नवी फ्रेमही याच पद्धतीने वेल्ड होणार.

तिन्ही प्लमर ब्लॉक ठेवले, बोल्ट हाताने लावले, पाना नाही. फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांच्या संचाचं) ०.०५ चं पातं कडेच्या दोन ब्लॉकांखाली जात नाही. मधल्या ब्लॉकखाली सहज गेलं, ४० मिमी आत. पाती वाढवत नेली : ०.१०, ०.२०, ०.३०, ०.४० पर्यंत जातं, ०.४५ अडतं. पातं बाहेर काढलं की त्यावर ओला तांबूस गंज, म्हणजे या फटीत खारं पाणी आजवर राहत आलं आहे. वेल्डच्या ओढीने फ्लँज मध्यावर खाली बसली आहे.

मॉडेलमध्ये हीच जोडी टेकलेली, पूर्ण क्षेत्रफळाची. बोल्ट आवळले की शाफ्ट ०.४ मिमी खाली ओढला जातो. बाहेरच्या बेअरिंगांमधलं अंतर १४०० मिमी, शाफ्टचा आय (वाकण्याला विरोध ठरवणारा छेदाचा गुणधर्म) ८७६२४० मिमीचा चौथा घात. ४८ × ई × आय × ०.४ ÷ १४००³ = १२९० न्यूटन, फ्रेम ताठ धरली तर. जाळं पाण्यात टाकण्याआधीच मधल्या बेअरिंगवर सुमारे एकशेतीस किलोचा कायमचा जादा भार, आणि फिरत्या शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात वाकणं-उलगडणं.

नव्या फ्रेमसाठी बदल : ब्लॉकांखाली १२ मिमीचे पॅड वेल्ड करायचे आणि वेल्डिंग पूर्ण झाल्यावर तिन्ही एकाच सेटिंगमध्ये मिलिंग करायचे. पातळ पत्र्याच्या शिम नको, खाऱ्या हवेत त्या कडेने सडतात आणि फट परत येते. पॅडची कड चहूबाजूंनी सलग वेल्ड, पाणी आत शिरायला जागा नको. मिलिंगनंतर ०.०५ चं पातं कुठेही जाता कामा नये, ही अट ड्रॉइंगवर लिहिली.

जस्ताचा थर मिलिंगच्या जागी जाणार. तिथे जस्ताचा रंग हाताने, पण पातळ. जाड थर दाबाखाली हळूहळू दबतो आणि बोल्टाचा ताण उतरतो.

३ जुलै

पॅड मॉडेलमध्ये घातले. जोड्या आता १२४, तीन पॅड वाढल्यामुळे. पाचही तपासण्या पहिल्यापासून पुन्हा : घुसलेपण शून्य जोड्या, क्षेत्रफळाचा रकाना पूर्ण, शून्याचे मोड सहा, नव्या वजनाप्रमाणे प्रतिक्रिया जुळली, न बांधलेल्या नोडांच्या फाईलमध्ये फक्त बोल्टांच्या भोकांच्या कडा. भूमितीत कोणताही बदल झाला की हा क्रम परत, कितीही छोटा बदल असो. कॉलरचा अनुभव ताजा आहे.

पॅडमुळे शाफ्टची मध्यरेषा १२ मिमी वर गेली. इंजिनकडच्या स्प्रॉकेटशी साखळीची रेषा बघणं बाकी, बोटीवर दोरी धरून मोजायचं, पाऊस उघडला की.

५ जुलै

कटिंगची यादी दिली. तिरके वायसर ६ आले, व्हर्नियरने जाड आणि पातळ कड मोजली, उतार जुळतो. चावीची पट्टी १८ × ११ आली आहे, हबची खाच ४.४ झाली की चावी बसवून डोक्यावरची ०.४ फिलरने बघायची आणि तो आकडा इथे लिहायचा.